निळ्या पेन्सिलीखालच्या ओळी

१

दर शनिवारी सकाळी साडेनऊला उल्का पोंक्षे आपल्या मुलीला सिंगापुरातल्या यिशुनच्या एमआरटी, म्हणजे मेट्रो, स्टेशनवर सोडायची आणि घरी परतताना मनातल्या मनात जावेला शिव्या घालायची. हा तिचा आठवड्याचा नेमच होता. शिव्या काही फार जहरी नसत. 'सटवी' आणि 'मिरवी' यांच्या पुढे तिची मजल जात नसे. पण त्या ती मनापासून घाली आणि मग भाजीला लागे.

मुलगी ऋचा, वय वर्षे तेरा. डाव्या भुवईवर तीन टाक्यांची खूण. सहा वर्षांची असताना इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, स्कूटरवरून आपटली होती, त्याची. पाठीवर पोहायची पिशवी अडकवून ही पोर दर शनिवारी ईस्ट कोस्टला काकूच्या कॉन्डोत जायची. तिथे तलाव होता, समुद्रकाठची सायकल होती आणि मुख्य म्हणजे चैतालीकाकू होती. चैताली नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ. तिला मूलबाळ नव्हतं, वेळ होता आणि हसताना तिच्या गालाला खळी पडायची. उल्काला त्या खळीचाही राग होता.

उल्काचा नवरा श्रीनिवास जहाजावर चीफ इंजिनीअर, म्हणजे वर्षातले सहा-सात महिने घर दोघी मायलेकींचंच. चैतालीचा नवरा अमेय हा श्रीनिवासचा धाकटा भाऊ. तो आयटीतला, रोज संध्याकाळी घरी येणारा. एवढ्यावरूनही उल्काच्या पोटात दुखायचं. पण तेही तिने गिळलं असतं. संध्याकाळी परतलेली ऋचा दारातूनच "काकू म्हणते" अशी सुरुवात करी, ते मात्र तिला गिळवत नव्हतं.

एकदा तिने विचारलं होतं, की आपल्या घरात तुला काय कमी आहे गं? ऋचाने फोनवरून नजरही न उचलता सिंगापुरी हेलात सांगितलं, "नथिंग लाह, आई. तिथे फक्त मजा येते." त्या 'फक्त'वर उल्का आठवडाभर जळत राहिली.

जगात तिचं असं हे एकच माणूस होतं, आणि ते हळूहळू एमआरटीत बसून दुसरीकडे चाललं होतं.

२

त्या जानेवारीत इथल्या महाराष्ट्र मंडळाने 'आपल्या घरातला जुना ठेवा' असं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि चैतालीने लगेच हात वर केला. पोंक्षे घराण्याकडे ठेवा होताच. श्रीनिवास आणि अमेय यांचे पणजोबा आपाजी पोंक्षे गुहागरचे वैद्य. इंग्रजांच्या अमदानीत त्यांनी 'सौभाग्यवल्ली' नावाचा अवलेह काढला आणि रंगून-सिंगापूरपर्यंत विकला. औषध किती गुणाचं होतं देव जाणे, पण आपाजींना जाहिरात कळत होती. पत्र्याच्या रंगीत पाट्या, फुकट दिनदर्शिका, जत्रेच्या तंबूत मॅजिक लँटर्न, वर्तमानपत्रात जाड काळी चौकट: 'अशक्त स्त्रियांस संजीवनी. नकली मालापासून सावध. बाटलीवर आमचे सहीची पट्टी पाहून घ्यावी.' आणि त्या चौकटीखाली प्रशस्तिपत्रं. अमक्या गावच्या सौ. तमक्या लिहितात की, आपल्या औषधाने मी नवी झाले.

त्या प्रशस्तिपत्रांची मूळ हस्तलिखित पत्रं एका फाइलीत होती. सगळी मोडीत. चैतालीला मोडी म्हणजे मुंग्यांची रांग. उल्काचे वडील भूमी अभिलेखात नोकरीला होते, त्यांनी तिला लहानपणी मोडी शिकवली होती. तेव्हा चैताली फाइल घेऊन यिशुनला आली आणि म्हणाली, की वहिनी, तुमच्याशिवाय हे कोण वाचणार? उल्काला पंधरा मिनिटं बरं वाटलं. मग चैतालीने पत्रकाचा मसुदा दाखवला. 'संकल्पना व मांडणी: चैताली पोंक्षे. साहाय्य: उल्का पोंक्षे.'

एवढ्यावर भागलं नाही. चैतालीने आपाजींच्या वहीतल्या कृतीवरून घरी अवलेह करून पाहिला होता. शतावरी, ज्येष्ठमध, मनुका, तूप, गूळ. घातक काही नाही, तिने तपासून घेतलं होतं. एक बरणी तिने उल्कापुढे ठेवली.

"वहिनी, तुम्ही फार ओढलेल्या दिसता," ती म्हणाली. "दोन महिने घ्या ना गंमत म्हणून. आपाजी करायचे तसे आपण सेवनापूर्वीचा आणि सेवनानंतरचा, असे दोन फोटो लावू."

आणि तिने तिथल्या तिथे, खिडकीजवळच्या उजेडात, उल्काचा सेवनापूर्वीचा फोटो काढला. उल्का हसली. फोटो पाहिला तेव्हा तिच्या अंगाची लाही झाली. पांढरी झुलपं, डोळ्यांखाली खड्डे, मागे धूसर दिसणारी खुर्चीवरची ऋचा, आणि ऋचाची नजर फोटो काढणारीकडे.

३

पत्रं तेवीस होती. ऋचा शाळेत गेली की उल्का जेवणाच्या टेबलावर ती पसरून बसे. आपाजींची काम करायची पद्धत तिला पहिल्या दिवशीच कळली. पत्र आलं की कचेरीतला कारकून निळी पेन्सिल घेऊन बसायचा, नको त्या ओळींवर आडवी रेघ मारायचा आणि समासात 'छापावे' असा शेरा द्यायचा. छापून यायचं ते रेघेबाहेरचं.

पहिलं पत्र कारवारचं. 'दोन बाटल्या घेतल्या. अंगी तरतरी आली. वर्ण उजळला. माहेरच्या माणसांनी ओळखले नाही.' इथवर छापलेलं होतं. पुढची ओळ निळ्या रेघेखाली होती. 'मात्र त्याच दिवसांपासून आमची धाकटी जाऊ वाळत चालली आहे. याचा आपले औषधाशी संबंध नसावा, तरी कळवावे.'

उल्का हसली. तिने चहा केला. मग दुसरं पत्र काढलं. ते रंगूनचं. तिथे नणंद खंगली होती. तिसऱ्यात, नागपूरच्या, नवऱ्याने करून आणलेली दुसरी अंथरुणाला खिळली होती. तिन्ही ठिकाणी निळी रेघ, तिन्ही ठिकाणी 'छापावे'.

उल्का बी.एस्सी. होती. त्या काळी घरोघरी क्षय होता, हे तिला ठाऊक होतं. कुणीतरी खंगणार आणि कुणीतरी सावरणार, त्यात नवल ते काय? तिने स्वतःला हे दोनदा समजावलं. उरलेली वीस पत्रं गिचमिड अक्षरातली होती, बाया-बापड्यांनी स्वतः कशीबशी लिहिलेली. ती तिने तशीच बांधून ठेवली. तिला जे वाचायचं होतं ते वाचून झालं होतं.

चैतालीला तिने फक्त रेघेबाहेरचं वाचून दाखवलं. निळ्या रेघेखालचं लागत नाही, शाई फुटली आहे, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बरणी उघडली, चमचाभर अवलेह जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून धाकट्या जावेला आठवलं. आपण हे का करतो आहोत, हे तिला पक्कं माहीत होतं. लाजही वाटली. लाज वाटून तिने आणखी एक चमचा घेतला.

४

गुण आला. तीन आठवड्यांत आला. डोळ्यांखालचे खड्डे भरले, मग कानशिलाजवळचे केस मुळापासून काळे निघू लागले. चष्म्यावाचून भाजीच्या पिशवीवरची बारीक अक्षरं दिसायला लागली. लिफ्टमध्ये शेजारची चिनी आजी तिच्याकडे बघून अंगठा वर करायची.

आणि चैताली वाळत होती! फेब्रुवारीत ती कागद न्यायला आली तेव्हा उल्काने तिला आपादमस्तक न्याहाळलं. गळ्याची हाडं वर आली होती. मनगटातलं कडं कोपराकडे घसरत होतं. खळी पडायची तिथे नुसती सुरकुती पडत होती. काय गं, बरी आहेस ना, असं उल्काने विचारलं, आणि त्या विचारण्यात इतका गोडवा होता की तिचा तिलाच संशय आला. चैताली म्हणाली, की एकदम मस्त. त्या दिवशी उल्का भांडी घासताना गुणगुणत होती.

सुखात सुख म्हणजे ऋचा शनिवारची घरी राहायला लागली. दमले गं, असं म्हणून सोफ्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवायची आणि झोपून जायची. तिच्या केसांतून हात फिरवत उल्का तासन् तास बसे. हातात केस यायचे. गळायचंच वय असतं, ती म्हणायची. ऋचाचं घड्याळ हातात फिरायला लागलं तेव्हा उल्काने सुई तापवून पट्ट्याला एक भोक पाडलं. दहा दिवसांनी दुसरं पाडलं. वर्गात डुलक्या घेते, असा शाळेतून निरोप आला, तेव्हा उल्काने शाळेलाच नावं ठेवली. या मुलांना रात्रंदिवस पिदवतात आणि वर तक्रार करतात!

खटकत होती ती एकच गोष्ट. बरणी.

सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे, म्हणजे दोन आठवड्यांत ती संपायला हवी होती. पाचवा आठवडा चालू होता आणि ती गळ्यापर्यंत भरलेली होती. आपण अर्धाच चमचा घेत असू, उल्काने हिशेब केला. गुळामुळे फुगत असेल. सिंगापूरची हवाच दमट, सगळंच फुगतं. तिने काचेवर मार्करने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर अवलेह रेघेच्या बोटभर वर होता.

तिने रेघ पुसून टाकली. बरणीत चमचा घातला. चमचा काचेला लागला, आणि आतल्या खोलीतून ऋचाचा एक लहानसा हुंकार आला, झोपेत कूस बदलताना येतो तसा. पलंग कुरकुरला असेल, असं उल्का म्हणाली. तिने पुन्हा चमचा लावला. पुन्हा हुंकार आला.

तिने चमचा तोंडात घातला, चाटून पुसून स्वच्छ केला आणि नळाखाली धरला.

५

प्रदर्शन मार्चमधल्या एका रविवारी सकाळी होतं. ऋचा आली नाही. डोकं जड आहे म्हणाली. उल्का मोरपंखी पैठणी नेसून गेली आणि हॉलमध्ये शिरल्यापासून बायकांनी तिला घेरलं. कुणी विचारलं, कुठली क्रीम. कुणी विचारलं, श्रीनिवासराव येणार आहेत वाटतं. चैतालीने सगळ्यांदेखत तिचा सेवनानंतरचा फोटो काढला आणि दोन्ही फोटो भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. टाळ्या पडल्या.

कौतुकाच्या त्या गर्दीत मंडळाची सरोजिनी चैतालीला म्हणाली, की तू मात्र अगदी काडी झालीस गं. चैताली फुशारून म्हणाली, "हाफ मॅरेथॉन आहे ना पुढच्या महिन्यात. चार किलो उतरवलेत. नोव्हेनाला सकाळी धावतच जाते मी."

उल्काला वाटलं, आपल्याला कुणीतरी फसवलं. सहा आठवडे जिच्या वाळण्यावर ती जगली होती, ती बया व्यायाम करत होती! मग तिने नव्या नजरेने चैतालीकडे पाहिलं. गाल बसलेले, पण डोळे लखलखीत, पोटऱ्या टणक. या बाईला काहीच झालेलं नव्हतं.

"वहिनी, ही खूण कधीची हो?" चैताली पडद्याकडे बोट दाखवून विचारत होती. "मी कधी पाहिली नव्हती."

पडद्यावर उल्काचा चेहरा हातभर उंच होता. तजेलदार, भरलेला, सुंदर. आणि डाव्या भुवईवर, तीन टाके घातल्यावर उरते तशी एक पांढरी रेघ.

उल्काने टॅक्सी केली. सबंध रस्ता तिने हात कपाळाला लावला नाही. घरात दुपारचं ऊन सोफ्यापर्यंत आलं होतं आणि ऋचा त्यात झोपली होती. उन्हात तिची बोटं कागदासारखी दिसत होती. उल्काने तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले. तिथे कातडी साफ होती. टाका नाही, रेघ नाही, जणू ही पोर कधी कुठे पडलीच नव्हती.

"आई," ऋचा डोळे न उघडता म्हणाली, "तू किती छान दिसतेस."

६

उल्काने बरणी कचऱ्याच्या च्यूटमध्ये टाकली. नवव्या मजल्यावरून ती आपटत खाली गेली आणि फुटल्याचा आवाज आला. मग तिने पॉलिक्लिनिक गाठलं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासला, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक. वाढीचं वय आहे, नीट खाऊ घाला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि उल्काकडे पाहून विचारलं, की तुम्ही मोठी बहीण का?

आठ दिवस झाले. उल्का अवलेहाला शिवली नव्हती, तरी तिचे केस काळे होत होते. ऋचाला आता जिना चढवत नव्हता. मग उल्काने ती उरलेली वीस पत्रं सोडली. गिचमिड अक्षर, पण बाया-बापड्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. एकाही पत्रात जाऊ नव्हती, नणंद नव्हती. एकीचा मुलगा. एकीची पाठची बहीण, तिनेच सांभाळलेली. एकीचं पाळण्यातलं. प्रत्येकीपाशी जे सगळ्यात जवळचं होतं, ते. मग पहिल्या तिघींची कोण होती ती जाऊ, ती नणंद, ती दुसरी? ज्या बायांबद्दल त्यांनी पोस्टाचा खर्च करून विचारलं होतं, त्यांना उल्काने वैरिणी ठरवलं होतं. तसं त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं.

शेवटचं पत्र हर्णैचं होतं. त्यात पहिली ओळ सोडून सगळं निळ्या रेघांखाली होतं.

'माझी प्रकृती उत्तम आहे. औषध सोडून चार महिने झाले तरी उत्तमच आहे. लेकीस आजोळी धाडली आहे. तेथे ती सुधारली, धावते, जेवते. मध्ये एक वेळ भेटीस गेले तो संध्याकाळी तिला ताप भरला. आता ती सारखी आई आई करते असे भावाचे पत्र आहे. मी तिला पाहावयास जाऊ की न जाऊ, एवढेच कृपा करून कळवावे.'

समासात दोन शेरे होते. 'छापावे.' आणि त्याखाली, 'उत्तर नको.'

उल्काने चैतालीला फोन केला. ऋचाची हवा बदलायला हवी, थोडे दिवस तुझ्याकडे ठेवशील का, असं विचारलं. आयुष्यात तिने जावेकडे काही मागितलं नव्हतं. चैताली एका शब्दाने होय म्हणाली, आणि त्या होयमधला आनंद उल्काच्या काळजात सुरीसारखा गेला.

७

चौथ्या दिवशी ऋचा तलावात उतरली. सहाव्या दिवशी तिने दोन प्लेट नूडल्स खाल्ल्याचा फोटो आला. उल्का त्या फोटोकडे बघून रडली, आधी आनंदाने आणि मग दुसऱ्याच कशाने. चैतालीचा हात तिच्या पोरीच्या खांद्यावर होता.

रविवारी तिला राहवलं नाही. तिने ऋचाला जेवायला बोलावलं. कदाचित सगळा मनाचा खेळ असेल, हर्णैच्या कुठल्या तरी बाईच्या पत्रावर काय विश्वास ठेवायचा? ऋचा भरल्या गालांनी, उड्या मारत आली. वरण-भात, बटाट्याची भाजी झाली. गप्पा झाल्या. दोन वाजता तिने जांभई दिली. तीन वाजता ओठ पांढरे पडले. चारला अमेय गाडी घेऊन आला तेव्हा तिला दंडाला धरून लिफ्टपर्यंत न्यावं लागलं. उल्का दारातून मागे मागे सरकत राहिली, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत.

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी फोन आला. शाळेला सुट्टी लागली होती.

"आई, मी परवा येऊ ना घरी? आय अॅम ओके नाऊ. काकू छान आहे, पण मला तुझ्याकडे यायचंय."

हे वाक्य ऐकण्यासाठी उल्काने दोन वर्षं देवापुढे दिवा लावला होता. तिने फोन दोन्ही हातांनी धरला. खरं सांगावं तर पोर हसेल. हसली नाही तर आईला एकटं कसं टाकू म्हणून धावत येईल. तशीच होती ती. तेव्हा असं काहीतरी बोलायला हवं होतं की ती यायचीच नाही.

"नको," उल्का म्हणाली.

"का?"

"मला आता एकटीची सवय झाली आहे. घर शांत आहे. तू तिथेच राहा. शाळेचं मी काकूशी बोलते."

पलीकडून बारीक आवाज आला. "यू डोन्ट वॉन्ट मी?"

"नको म्हटलं ना एकदा."

"ओके लाह," ऋचा म्हणाली. फोन बंद करायचं ती विसरली. उल्काला पावलं ऐकू आली, दार ऐकू आलं, चैतालीचं 'काय झालं गं बाळा' ऐकू आलं, आणि मग आपल्या मुलीचं रडणं, दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यात तोंड खुपसल्यावर दबतं तसं. चैताली तिला थोपटत होती. किती सहज जमत होतं त्या बयेला. अशा वेळीही उल्का जळली, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही.

रडणं थांबेपर्यंत तिने ऐकलं. मग फोन ठेवला. एक वाजला होता, खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांतून तळणाचा वास येत होता, आणि उल्काला कडकडून भूक लागली होती.